जीपसमोरच्या भरलेल्या घागरी

सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीला मी नागपूरच्या एका दैनिकात शहराच्या बातम्या करत असे. कचेरी सीताबर्डीच्या एका मागच्या गल्लीत होती. खाली छापखाना, वर संपादकीय खोली. नव्या बातमीदाराकडे दोन कामं ठरलेली असत. एक, वॉर्डांतल्या तक्रारी लिहून घेणं. दुसरं, त्या छापल्यानंतर पुढाऱ्यांचे जे खुलासे येत ते घेणं.

खुलासा बहुधा फोनवर यायचा. आमच्या वृत्तसंपादकांचा त्याबाबत एक नियम होता. पुढारी बोलेल ते जसंच्या तसं वहीत उतरवायचं, मग त्याला ते वाचून दाखवायचं, आणि त्याने 'बरोबर' म्हटलं की शेजारी वार आणि वेळ टाकायची. पुढाऱ्यांना हे कंटाळवाणं वाटे. "अहो, आशय लक्षात घ्या आणि तुमच्या भाषेत लिहा," असं ते म्हणत. वृत्तसंपादक म्हणायचे, "आपली भाषा आपल्या बातमीसाठी. त्यांचं त्यांच्याच भाषेत जाऊ दे."

वर्षभरात माझ्या दोन वह्या भरल्या. त्या चाळल्या तर शहरात जे काही वाईट झालं ते कोणी केलं असं दिसत नसे. नवा रस्ता उन्हामुळे उखडला होता. शाळेची भिंत पावसामुळे पडली होती. यादीतली नावं शिपायाच्या हातून गाळली गेली होती. सगळ्यांत जास्त दोष हवामानाकडे जात होता आणि त्याखालोखाल शिपायांकडे.

मे महिन्यातल्या एका गुरुवारी दुपारी पाच बायका जिना चढून वर आल्या. पदर डोक्यावरून घट्ट लपेटलेले होते. एकीच्या कमरेला ऊन लागू नये म्हणून कांदा बांधलेला होता. त्या रेल्वेलाइनच्या पलीकडच्या एका वस्तीतून पायी आल्या होत्या. वस्ती गिरणी कामगारांची आणि विड्या वळणाऱ्या बायकांची. बहुतेक घरांनी छप्पन साली दीक्षा घेतली होती. वस्तीत दोन दिवसांपासून नळाला थेंब नव्हता.

"साऱ्या शहराचंच पाणी कमी झालंय का?" मी विचारलं.

त्यांच्यातली सर्वांत म्हातारी बाई पुढे झाली. "शहराचं आमाले नाई मालूम जी. पन सडकेच्या त्या पार बंगल्याईत बगिच्याले पानी देऊन राह्यले. आमच्या पारले घसा कोरडा. एकाच पाइपावर हावोत आमी दोघंबी."

"तक्रार केली?"

"केली ना. नगरसेवकाच्या घरी गेलतो. त्याची बाई म्हने साहेब झोपले. बारा वाजता." तिने थांबून बाकीच्यांकडे पाहिलं. "पानी बंद कराची रीत आमाले नवी नाई, भाऊ. फक्त बंद कोनं केलं थे सांगा म्हनाव."

मी त्याच दुपारी वस्तीत गेलो. पाण्याची टाकी, मुख्य पाइप, आणि वस्तीकडे फुटलेली शाखा, सगळं एका सरळ रेषेत होतं. शाखा जिथे फुटते तिथे रस्त्याकडेला लोखंडी झाकणाचा एक खड्डा होता. त्या खड्ड्यात शाखेचा व्हॉल्व्ह. लांब दांड्याची आडव्या मुठीची चावी आत घालून तो रोज सकाळी उघडायचा आणि दुपारी तीनला बंद करायचा, हे काम करणाऱ्याला वस्ती चावीवाला म्हणत असे. सडकेपलीकडच्या बंगल्यांत हिरवळीवर पाण्याची नळी खरंच चालू होती.

संध्याकाळी मी नगरसेवकांना फोन लावला. पन्नाशीचा, गोड बोलणारा माणूस. ते म्हणाले, "उन्हाळा आहे. तलावाची पातळी खाली गेली आहे. निसर्गापुढे कोणाचं चालतं?" मी वाचून दाखवलं. "बरोबर," ते म्हणाले. शुक्रवारी ते छापून आलं.

शुक्रवारी सकाळी पाणी खात्याकडून कळलं की तलावाची पातळी पुरेशी आहे. मी पुन्हा फोन लावला. आता नगरसेवक म्हणाले, "पातळी असेल हो. पण शाखेत तांत्रिक बिघाड आहे. पाइप ब्रिटिश काळातला. तपासणी चालू आहे." वाचून दाखवलं. बरोबर.

त्या खड्ड्यापाशी तपासणी करायला दोन दिवसांत कोणीही आलेलं नव्हतं. खड्डा म्हातारीच्या दारासमोरच होता आणि ती दिवसभर ओट्यावर विड्या वळत बसायची. शनिवारच्या अंकात आम्ही तलावाची पातळी, बिघाडाचं कारण आणि म्हातारीने पाहिलेलं एकाखाली एक छापलं.

शनिवारी अकरा वाजून वीस मिनिटांनी नगरसेवकांनी आपण होऊन फोन केला. आवाज बदललेला होता. "चौकशीअंती निष्पन्न झालं आहे की चावीवाला कामावर दारू पिऊन होता. त्याने व्हॉल्व्ह बंद करून ठेवला आणि कोणाला सांगितलं नाही. त्याला निलंबित केलं आहे. सोमवारी अहवाल, मंगळवारी बडतर्फी. मी स्वतः हे प्रकरण लावून धरलं."

"तुम्ही तो व्हॉल्व्ह पाहिला?" मी विचारलं.

"मी? तो खड्डा कुठे आहे हेही मला माहीत नाही. ते काय माझं काम आहे?"

वाचून दाखवलं. "बरोबर. रविवारी सकाळी मी स्वतः येऊन वस्तीचं पाणी सुरू करून देणार आहे, तेही लिहा. फोटोग्राफर पाठवा."

त्याच दुपारी चावीवाल्याची खोली मला वस्तीतल्याच एका माणसाने दाखवली. तो उमरेडकडच्या एका खेड्यातला. शेतीत भावांचं भागत नव्हतं म्हणून तरुणपणी शहरात आलेला. नोकरी वीस वर्षांची, निवृत्तीला तीन वर्षं उरलेली. खाटेवर बसून होता. निलंबनाचा कागद घडी करून उशीखाली ठेवला होता. त्याची बायको दाराशी उभी होती.

"मी सुपारी नाई खात जी, अन् यांनं दारू लिवली," तो म्हणाला. "नोकरी गेली त जाऊ द्या. पन माह्या नोकरीच्या पुस्तकात दारू नोका लिवू म्हना. पोरीची सोयरीक चालू हाये."

"नोकरी काहून जाऊ द्याची?" बायको म्हणाली. "सांगा ना त्याईले काय झालं थे. घरात त लय बोलता."

मग त्याने सांगितलं. मंगळवारी दुपारी दोनच्या सुमारास, रस्त्यावर कुत्रंही नव्हतं अशा उन्हात, नगरसेवक जीप घेऊन त्याच्याकडे आले. वस्तीने निवडणुकीत आपल्यातल्या एका मास्तरांना उभं केलं होतं. मास्तर पडले, पण वस्तीतलं जवळजवळ प्रत्येक मत त्यांना गेलं होतं. नगरसेवक चावीवाल्याला म्हणाले, चल, त्या वस्तीचा व्हॉल्व्ह बंद कर. ज्याले मतं दिली त्याले पानी मागा म्हनाव.

"तुम्ही बंद केला?"

"मी एकट्यानं नाई." त्याने माझ्याकडे पाहिलं. "आमच्यात एक रीत हाये जी. माह्या वस्तादानं शिकवली. वेळेबाहेरचं कोनी मोठ्या मानसानं सांगतलं, का पयला फेरा त्याच्या हातानं द्याचा. 'साहेब, तुमचा हात लागू द्या' म्हनाचं, नारळ फोडाले बोलावतो तसं. मोठी मानसं खूश होतेत. नाई कोनी म्हनत नाई. अन् मंग मागून त्यानं म्हटलं का मी नाई सांगतलं, त आपल्या मनाले तरी मालूम राहते का हात कोनाचा होता."

म्हातारी मंगळवारी घरी नव्हती. विड्या द्यायला कारखान्यात गेली होती. चावीवाल्याने नगरसेवकांना हात लावायला सांगितलं आणि ते खुशीने पुढे झाले. त्यांनी चावी उजवीकडे फिरवायला घेतली, जशी जगातली कोणतीही तोटी बंद करायला फिरवतात. ती हलली नाही. "मी म्हटलं, साहेब, हा वॉल जुना हाये, हा उलटा हाये. डावीकडं बंद, उजवीकडं उघडा. साऱ्या भागात असा एकच राह्यला. मंग त्याईनं डावीकडं फेरा देला. बाकीचे मी देले."

दुसऱ्या दिवशी पहाटे त्याची दुसऱ्या भागात बदली झाली. या खड्ड्यावर नवा माणूस आला, त्याला खड्डा दुरुस्तीत आहे, हात लावू नको, असं सांगण्यात आलं. आणि शनिवारी दारूचा कागद.

मी हे सगळं लिहून वृत्तसंपादकांसमोर ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं. "साक्षीदार?"

"नाही."

"मग एका माणसाचा शब्द दुसऱ्याविरुद्ध. आपल्याला खरं वाटतंय म्हणून छापता येत नाही. रविवारी जा. जे होईल ते लिहून आण."

बाहेर आलो तेव्हा माझ्याजवळ चावीवाल्यासाठी काहीही नव्हतं, आणि सोमवारच्या अहवालाआधी एकच दिवस उरला होता.

रविवारी सकाळी आठला खड्ड्याभोवती मांडव नव्हता एवढंच. बाकी उद्घाटनाची सगळी तयारी होती. हार, फोटोग्राफर, दहा-बारा कार्यकर्ते, नगरसेवकांची जीप. वस्तीतल्या बायका रिकाम्या घागरी आणि बाल्ट्या घेऊन नळांपाशी उभ्या होत्या. पाणी खात्याचे इंजिनीअर आले होते, शांत स्वभावाचे, या भागात नव्यानेच बदलून आलेले. चावीवाल्यावरचा अहवाल तेच लिहिणार होते. चावीवाला स्वतः रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीला टेकून उभा होता. जवळ यायची त्याची तयारी नव्हती.

नगरसेवकांनी थोडक्यात भाषण केलं. एका बेजबाबदार माणसामुळे वस्तीला त्रास झाला, पण आपण गप्प बसलो नाही, वगैरे. मग त्यांनी नव्या माणसाला खूण केली.

नव्या माणसाने चावी आत घातली आणि उघडायला म्हणून डावीकडे जोर लावला. चावी हलली नाही. त्याने शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि पुन्हा लावला. बायकांत कुजबूज सुरू झाली. इंजिनीअर पुढे आले. त्यांनीही डावीकडेच लावली. त्यांचा चेहरा लाल झाला. "जाम झालाय," ते म्हणाले. "वर्कशॉपमधून माणूस बोलवावा लागेल."

फोटोग्राफर कॅमेरा डोळ्याला लावून उभा होता. ऊन चढत होतं. हार वाळत होते. नगरसेवकांनी घड्याळ पाहिलं.

"काय बे, एवढे लोक अन् एक चावी नाही फिरत? सरका," असं म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी मूठ धरली आणि एका दमात उजवीकडे फिरवली. चावी फिरली. त्यांनी दुसरा फेरा दिला, तिसरा दिला. पाइपात घरघर झाली, नळांनी आधी हवा सोडली, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ. कार्यकर्त्यांनी टाळ्या वाजवल्या. फोटो निघाला.

वस्तीने टाळ्या वाजवल्या नाहीत. माझ्या आधी, इंजिनीअरांच्या आधी, ती गोष्ट म्हातारीच्या लक्षात आली होती.

"साहेब, एक इचारू का?"

"विचार ना, माय."

"हा खड्डा माह्या दारात हाये. वीस वर्सांपासून पाहून राह्यली, म्हनून हा उलटा हाये थे मले मालूम. चावीवाल्याले मालूम. या नव्या मानसाले नाई मालूम. तुमच्या इंजिनीअरसाहेबाले नाई मालूम. तुमाले कोनं सांगतलं जी?"

नगरसेवक हसले. "अंदाज, माय. इकडून नाही झालं तर तिकडून."

"इकडून त तुमी पाह्यलंच नाई. सरळ उजवीकडं घातला हात. इंजिनीअरले नाई आला अंदाज अन् तुमाले आला? तुमालेच करा मंग इंजिनीअर."

हशा पिकला. एक-दोन कार्यकर्तेही हसले आणि मग थांबले.

"अगं, मी पाहणीला आलो होतो मधे. तेव्हा कळलं."

मी वही उघडली. "साहेब, शनिवारी अकरा वाजून वीस मिनिटांनी तुम्ही सांगितलं होतं, तो खड्डा कुठे आहे हेही मला माहीत नाही. मी वाचून दाखवलं होतं. तुम्ही बरोबर म्हणालात."

"तुम्ही पेपरवाले एकेका शब्दाला धरून बसता."

त्यानंतर त्यांना थांबता आलं नाही. व्हॉल्व्ह बंद केला असेल तर तो वस्तीच्याच भल्यासाठी, जुना पाइप दाबाने फुटला असता. मागून एक बाई म्हणाली, "मंग आज काहून नाई फुटून राह्यला?" मग ते म्हणाले, कार्यकर्त्यांनी भरीस घातलं. कार्यकर्ते एकमेकांकडे पाहू लागले. मग म्हणाले, निवडणुकीनंतर माणसाचं मन दुखावलेलं असतं, तेही समजून घ्यायला हवं.

इंजिनीअर हात पुसत होते. त्यांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. "साहेब, उद्या मला अहवाल द्यायचा आहे. चावीवाला प्यायला होता आणि त्याने व्हॉल्व्ह बंद केला, असं मी आता कशाच्या आधारावर लिहू?"

"ते तुम्ही पाहा," नगरसेवक म्हणाले आणि जीपकडे वळले.

"मग मी आत्ताच पंचनामा करतो," इंजिनीअर म्हणाले.

नगरसेवक जीपमध्ये बसले. ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं. त्याच वेळी म्हातारीने आपली भरलेली घागर उचलली, चार पावलं चालली आणि जीपच्या पुढच्या चाकासमोर ठेवली. दुसरी बाई आली, तिने घागर तिच्याशेजारी ठेवली. मग बाल्ट्या आल्या, पितळी कळश्या आल्या. पाच मिनिटांत जीपच्या पुढे, मागे आणि दोन्ही बाजूंना काठोकाठ भरलेली भांडी होती. कोणी घोषणा दिली नाही, कोणी जीपला हात लावला नाही. चार दिवसांनी आलेलं पाणी होतं ते. त्यावरून जीप घालायची तर फोटोग्राफर अजून तिथेच होता, आणि त्याच्याकडे फिल्म शिल्लक होती.

"हॉर्न वाजव," नगरसेवक ड्रायव्हरला म्हणाले. ड्रायव्हरने वाजवला.

"घागरीले कान नसतेत, भाऊ," एकजण म्हणाली.

इंजिनीअरांनी जीपच्या बॉनेटवरच कागद ठेवून लिहिलं. मंगळवारी दुपारी नगरसेवकांनी स्वतः हजर राहून, पहिला फेरा स्वतःच्या हाताने देऊन, हा व्हॉल्व्ह बंद करून घेतला. यात चावीवाल्याचा दोष नाही. मंगळवारचा तपशील त्यांनी टपरीपाशी जाऊन चावीवाल्याला विचारून घेतला आणि मग त्याला हाताला धरून जीपजवळ आणलं. निवडणुकीत पडलेल्या मास्तरांनी कागद मोठ्याने वाचला. पंच म्हणून बायकांनी सह्या केल्या, ज्यांना येत नव्हत्या त्यांनी अंगठे दिले. मग कागद जीपच्या खिडकीतून आत गेला.

नगरसेवकांनी तो शेवटपर्यंत वाचला. "यात 'गैरसमजातून' असं घाला, मी सही करतो."

"कोनता गैरसमज?" म्हातारी म्हणाली. "तुमची समज त चांगली होती. दुपारचे दोन पाहून आलते."

इंजिनीअरांनी शब्द घातला नाही. नगरसेवकांनी एकदा चावीवाल्याकडे पाहिलं. तो पहिल्यांदाच मान वर करून उभा होता. "हो," नगरसेवक म्हणाले, "मीच बंद केला." आणि सही केली.

तेव्हा मात्र टाळ्या झाल्या. चावीवाल्याच्या बायकोने त्या सुरू केल्या. माणसं छपरांवर चढून ओरडली. ज्या गल्ल्यांना खड्डा दिसतही नव्हता तिथून लोक काय झालं विचारत धावत आले, आणि त्यांना ते पुन्हा पुन्हा सांगण्यात आलं. बायकांनी भांडी उचलायला सुरुवात केली, पण कोणालाही घाई नव्हती. प्रत्येक घागर घरी पोचवून मग दुसरी न्यायला त्या परत येत होत्या. जीप निघायला पाऊण तास लागला. तेवढा वेळ नगरसेवक आत बसून होते.

दुपारी मी कचेरीत मजकूर दिला. संध्याकाळी नगरसेवकांचा खुलासा आला: सही जमावाच्या दबावाखाली घेण्यात आली. मी तो वाचून दाखवला. ते बरोबर म्हणाले. वृत्तसंपादकांनी पहिल्या पानावर डावीकडे पंचनामा आणि उजवीकडे खुलासा, सारख्याच टायपात छापला. खाली फोटो: जीप, तिच्याभोवती घागरी, आत बसलेला माणूस. दबाव कसला होता ते वाचकांना मोजता आलं. पुढच्या निवडणुकीत त्या वॉर्डातून मास्तर निवडून आले.

चावीवाल्याचा आदेश मंगळवारी निघाला. निलंबन रद्द, सेवापुस्तकात नोंद नाही. बुधवारी पहाटे तो जुन्या खड्ड्यावर हजर झाला. मी मुद्दाम गेलो होतो. त्याने ठरल्या वेळी पाणी सोडलं आणि झाकणाशेजारी बसून राहिला. तीन वाजत आले तसा तो चावी घेऊन उठला.

"अजून थोडं राहू दे गा," दोन-तीन घरांतून आवाज आले. "चार दिवसांचं बाकी हाये."

"वेळ झाली, माय," तो म्हणाला.

म्हातारी ओट्यावर विड्या वळत होती. तिने मान वर केली नाही. "कर बंद, कर," ती म्हणाली. "नाईतर म्हनतीन, पेऊन होता."

सगळी गल्ली हसली. तोही हसला, आणि चावी डावीकडे फिरवू लागला, एकेक फेरा मोठ्याने मोजत.